दम सोडायला शिकताना

प्रताप नगर, नागपूर
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

प्रिय दीपमाला,

परवा तू आमच्या गेटपर्यंत आलीस, सांभारवड्यांचा डबा वॉचमनच्या हातात दिलास आणि तशीच कामठीची बस धरलीस, हे मला कळलं बरं का. वड्या चांगल्या होत्या, कोथिंबीर ताजी होती. मीठ थोडं जास्त होतं, पण ते तुझं कॉलेजपासूनचं आहे. आमची लिफ्ट चालू होती, मी घरात होते, जागी होते. मग काहून वं असं? मी फोन केला की तू उचलत नाहीस. स्वतः करतेस तेव्हा आमच्या ह्यांच्या, मनोहररावांच्या फोनवर करतेस, 'सुभद्रा बरी आहे ना' एवढं विचारतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. हात अजून कापतो, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतं, तेव्हा चष्मा पुसून नीट वाच. मला खूप सांगायचं आहे आणि सगळं क्रमाने सांगणार आहे. मधेच पान उलटून शेवट बघायचा नाही, ही ताकीद.

अर्धी गोष्ट तुला माहीत आहेच. पोळ्याच्या आठवड्यात माझं पोट बिघडलं, मग पायाला मुंग्या यायला लागल्या, आणि एका संध्याकाळी मैदानावर आपल्या संघातल्या पोरींना सूर मारून दाखवताना मी जी बसले ती उठलेच नाही. पोरींना वाटलं बाई नाटक करून राहिल्या, त्या हसल्या. तू हसली नाहीस. तूच ऑटो थांबवलास, मला उचलून आत घातलंस आणि धंतोलीतल्या हॉस्पिटलापर्यंत मला छातीशी धरून बसलीस. दुसऱ्या दिवशी हात गेले, मग मान गेली, मग श्वास. डॉक्टर म्हणाले, जीबीएस. म्हणजे शरीराची राखण करणारी फौजच आपल्या नसांवर उलटते. नसा परत येतात, पण त्यांच्या सवडीने. तोवर माझा श्वास व्हेंटिलेटर घेणार होता. गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवली आणि आवाज बंद झाला. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडणारी बाई मी, आणि तोंडातून एक अक्षर फुटेना.

तुम्हा सगळ्यांना वाटायचं मी गुंगीत आहे. कधी कधी असायचे. बहुतेक वेळ मात्र मी टक्क जागी होते आणि ऐकत होते. हात हलत नव्हते, चेहरा हलत नव्हता, पण कानांना काहीच झालं नव्हतं. नणंद कुसुमताई उशाशी उभी राहून शेजारणीला म्हणाली, 'सुभद्रा स्वयंपाकात कच्चीच होती, पण मनानं लय चांगली होती.' होती! मी हयात असताना बाईने मला होती करून टाकलं. तेव्हा मी पहिल्यांदा ठरवलं की ह्यातून उठायचं आणि कुसुमताईला पुरणपोळी करून खाऊ घालायची. घातली परवा. एक पोळी फाटली, पण खाल्ली तिने मुकाट्याने.

दसऱ्याच्या सुमारास पायाचं एक बोट हललं. डॉक्टर खूश झाले, पण त्यांनी मनोहररावांना माझ्यासमोरच स्पष्ट सांगितलं की आता खरी परीक्षा आहे. मशीन जितके दिवस श्वास घेतं तितके छातीचे नि पोटाचे स्नायू आळसावतात, काम विसरतात. मशीनपासून हळूहळू सोडवावं लागेल. सुटल्या तर सुटल्या, नाही तर त्या नळीला बांधूनच राहावं लागेल, आणि तेही किती दिवस जमेल ते सांगता येत नाही. एवढं ऐकल्यावर मला दुसरं काही नको होतं दीपे. पाय नसते आले तरी चाललं असतं. मला माझा श्वास हवा होता.

सोडवायचं काम अपेक्षाकडे होतं. इथल्याच बेसा भागातली फिजिओथेरपिस्ट, आपल्या पोरींपेक्षा चारसहा वर्षांनीच मोठी, वेणी घट्ट, बोलणं त्याहून घट्ट. पहिल्या दिवशी तिने मशीनची नळी गळ्यापासून काढली, तिथे नुसती ऑक्सिजनची लावली आणि म्हणाली, 'काकू, आता तुमचा तुम्ही श्वास घ्या. मी इथंच उभी आहो. दमल्या की उजवा हात हलवा, लगेच मशीन लावून देतो.' तोवर उजवा हात मनगटापासून हलायला लागला होता. मी मनात म्हटलं, पोरी, तू कोणाला सांगून राहिली? विदर्भाच्या संघात माझ्याएवढा लांब दम कोणाचा नव्हता. आणि गेले चढाईवर. पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी घामाने चिंब झाले, छाती धडधडायला लागली आणि मशीन परत लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रक्ताच्या तपासण्या चांगल्या, एक्स-रे चांगला, ताकद हळूहळू येते आहे, मग बाई टिकत का नाहीत, हे कोणाला कळेना. माझं मलाही कळेना.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाहिली होती. नळी काढली की माझे ओठ हलायचे. सिस्टर एकमेकींना सांगायच्या, 'काकू नाव घेऊन राहिल्या पाह्य, केवढी भक्ती.' एकीने तर भाबडेपणाने उशाशी देवाचा फोटो आणून लावला. मी देवाला वर्षातून दोनदा हात जोडणारी बाई, तुला ठाऊक आहे. मग एका सकाळी मनोहररावांना आत थांबू दिलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. महिनाभरात तो माणूस हसला नव्हता. अपेक्षाला म्हणाले, 'अवं बाई, हे देवाचं नाव नाही. ही कबड्डी कबड्डी म्हणून राहिली. लग्नाच्या आधी चिटणीस पार्कात मी हिले असंच पाहिलं होतं. ही दम धरून राहिली, सोडूनच नाही राहिली!'

तेच होतं. मला नळी काढल्याबरोबर वाटायचं, आता मी पलीकडच्या अंगणात आहे, दम तुटला की बाद. गळ्यात भोक असल्यावर दम धरता येत नाही, तरी मी छातीच्या नि खांद्यांच्या जोरावर फुगून राहायचे आणि अर्धामुर्धा सोडून पुन्हा भरायचे. स्नायूंचं कंबरडं मोडणार नाही तर काय होणार. दुसऱ्या कुठल्या बाईने ही चूक केली नसती. शिक्षिकेने नसती केली, डॉक्टरणीने नसती केली. चाळीस वर्षं पोरींच्या डोक्यात 'दम तोडू नका' एवढंच भरणारीच ही चूक करू शकते.

अपेक्षाने त्या दिवशी मनोहररावांना बाहेर बाकावर बसवून कबड्डीचे नियम विचारून घेतले. दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, 'काकू, माझ्या मैदानात नियम उलटा आहे. इथं दम सोडला की गुण.' मला इतका राग आला! जिने कधी रेषेला पाय लावला नाही ती मला नियम सांगते. पण हात हलवून भांडण तरी किती करणार. तिने माझ्या पोटावर तळहात ठेवला. पोट खाली गेलं, हात खाली गेला, की ती मोठ्याने म्हणायची, 'गुण!' पुन्हा खाली, पुन्हा गुण. सगळ्या आयसीयूला ऐकू जायचं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा माझी धावसंख्या विचारायला लागले, तेव्हा त्यांना समजावून सांगावं लागलं की हे क्रिकेट नाही. आणि तू मला ओळखतेस. गुण मोजायला लागल्यावर मी हरणार थोडीच. सिस्टरचा चहा पिऊन होईपर्यंत मी मशीनशिवाय राहायला लागले. मग तिचा चहा आणि पेपर दोन्ही होईपर्यंत. श्वास सोडायचा म्हणजे गमवायचा नाही, पुढच्याला जागा करून द्यायची, हे साठीला आलेल्या बाईला तेव्हा कळलं.

दिवाळीच्या पहाटे मला खुर्चीत बसवलं होतं. उटणं नाही, फराळ नाही, नाकात औषधाचा वास. पण मी मशीनशिवाय बसले होते, दोन्ही डाव आणि मधली विश्रांती धरून अख्खा सामना होईल इतका वेळ. सिस्टरांनी चिवडा खाल्ला आणि मी त्यांच्याकडे बघून जळले. तुला सांगते, मला जळताना इतका आनंद कधी झाला नव्हता.

आणि मग मी माती खाल्ली. भाऊबीजेनंतरचा दिवस. मला वाटलं, आता आज मशीन कायमचं सोडायचं. दुपारी दमले, मान भरून आली, तरी हात हलवला नाही. हात हलवायचा म्हणजे हरायचं, असं डोक्यात पक्कं. अपेक्षा दुसऱ्या पेशंटकडे गेली होती. सिस्टरने विचारलं तर डोळ्यांनी सांगितलं, ठीक आहे. ओठ निळे पडले, मशीनांच्या घंट्या वाजायला लागल्या, धावपळ झाली आणि माझी शुद्ध गेली. वरून छातीत कफ साठून ताप चढला. पुन्हा पूर्ण मशीन, पुन्हा पाठीवर. जेवढं कमावलं होतं तेवढं सगळं गेलं. डॉक्टर मनोहररावांना म्हणाले, आता मात्र काही सांगता येत नाही. त्या आठवड्यातला एक दिवस मी इथे लिहीत नाही. तो शेवटी लिहिणार आहे, तेवढा धीर धर.

ताप उतरल्यावर अपेक्षा माझ्यावर जी भडकली! म्हणाली, 'काकू, मी मोबाईलवर बसून बसून सामने पाहिले तुमच्यासाठी. चढाईवाली रेषेवर परत नाही आली तर गुण कोणाले भेटते? सांगा. तुम्ही पोरींना हे नाही शिकवत का? हे मशीन तुमचं दुश्मन नाही, ते तुमची मधली रेषा आहे. परत या, बसा, उद्या पुन्हा जा.' प्रत्येक नवीन पोरीला पहिल्या दिवशी मी हेच सांगते की शूरपणा पलीकडे जाण्यात अर्धा आणि परत येण्यात अर्धा. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र परत यायची लाज वाटली. त्या दिवशी दमल्यावर मी हात हलवला. अपेक्षाने टाळ्या वाजवल्या. हरल्याबद्दल टाळ्या मिळण्याची माझी पहिलीच वेळ.

पुढे सगळं पहिल्यापासून, पण ह्या वेळी घाई नाही. जायचं, यायचं. थोडं आणखी जायचं, यायचं. थंडी पडली तोवर मी दिवसभर आपल्या श्वासावर राहायला लागले, फक्त झोपताना मशीन. मग तेही नको झालं. एका सकाळी डोळे उघडले तर मशीन कोपऱ्यात उभं, बंद, आणि त्यावर कोण्या सिस्टरने आपला ओला स्वेटर वाळत घातलेला. दीपमाला, मी विदर्भासाठी ढाल उचलली आहे, तूही होतीस. त्या ढालीची शपथ, तो स्वेटर बघून जे वाटलं ते ढाल उचलतानाही वाटलं नव्हतं. ज्या मशीनने इतके दिवस मला जगवलं त्याचं आता कपडे वाळवण्यापुरतं काम उरलं होतं. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला आणि म्हटलं, बाबा, आता तूही दम खा.

काही दिवसांनी गळ्याच्या नळीला बोलायची झडप बसवली. सगळे जमले होते. डॉक्टर, सिस्टर, अपेक्षा, मनोहरराव. मी काय बोलणार म्हणून सगळ्यांचे कान टवकारलेले. कुसुमताईने तर रामनामाची तयारी करून ठेवली होती. मी मनोहररावांकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, 'अहो, आधी दाढी करा.' सगळे हसले आणि ते भिंतीकडे तोंड करून रडले. दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून आले. पुढे नळी निघाली, भोक बुजलं, मी चाकांच्या खुर्चीवर बसून घरी आले. आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते.

आणि गेल्या रविवारी मैदानावर गेले. हे तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐक. शाळांचा छोटा सामना होता. मिनल, आपली कप्तान, खुर्ची ढकलत मला रेषेजवळ घेऊन गेली आणि सुरुवातीची शिट्टी माझ्या हातात दिली. म्हणाली, 'बाई, जमत असेल तरच वाजवा, नाही तर मी वाजवतो.' जमत असेल तर! मी श्वास घेतला, पोटापर्यंत घेतला आणि सगळाच्या सगळा सोडला. शिट्टी पार बेसाच्या रस्त्यापर्यंत गेली असेल. पोरी जागच्या जागी उभ्या राहिल्या, मग एकदम ओरडायला लागल्या. मला इतका चेव आला की मी पुन्हा वाजवली, मग विनाकारण आणखी एकदा, शेवटी पंच वैतागला. वैतागू दे. ती हवा कोण्या मशीनने माझ्यात भरली नव्हती. माझी होती, मी घेतली, मी उधळली. आपला संघ जिंकला, पण खरं सांगते, मला गुण आठवत नाहीत. सामना संपल्यावर मिनलने हळूच सांगितलं की कंपाऊंडपलीकडे दीपमालाताई उभ्या होत्या, शिट्टी ऐकल्यावर पदराने डोळे पुसले आणि निघून गेल्या.

आता तो दिवस. मला मशीन पुन्हा पूर्ण लागलं होतं, अंगात ताप होता, डोळे मिटलेले होते. तू खाटेच्या पायथ्याशी आलीस आणि माझा घोटा धरलास. हात ओळखला मी. तुझी पकड मी ओळखणार नाही का. तू रडत मनोहररावांना म्हणालीस, 'भाऊजी, आता सोडा तिले. नका ठेवू असं. मी तिले शब्द देला होता.' करोनाच्या आधी आपल्या सिंधूताई, ज्यांनी आपल्याला खेळ शिकवला, त्या ऐंशीच्या पुढे वय असताना अशाच मशीनवर पडून होत्या, आणि शेवटी गेल्याच. आपण दोघी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलो होतो आणि मीच तुझा हात धरून म्हटलं होतं, दीपे, माझ्यावर ही वेळ आली तर मला असं ठेवू देऊ नको, काहीही झालं तरी. तू हो म्हणालीस. आणि त्या दिवशी तू तो शब्द पाळायला आली होतीस, उरावर धोंडा ठेवून. मी ऐकत होते. मला ओरडायचं होतं, नाही, मला जगायचं आहे, सिंधूताई थकल्या होत्या, मी थकलेली नाही. पण ओरडायला श्वास माझा नव्हता. तू गेल्यावर मनोहररावांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, 'दीपमालाताई म्हणतात तसं करायचं का? हो असेल तर डोळे मिटून ठेव, नाही असेल तर उघड.' मी डोळे उघडले. जड पापण्या, तापाने जळणारे, पण उघडले आणि पाणी वाहायला लागलं तरी मिटले नाहीत. आयुष्यात जे काही धरून ठेवलं, त्यात तेवढं एक धरणं कामी आलं.

नंतर तुला कळलं की मला सगळं ऐकू येत होतं, आणि तेव्हापासून तू माझ्या समोर आली नाहीस. आपण मैत्रिणीला मारायला निघालो होतो, असं तू धरून बसली आहेस ना? वेडी आहेस तू. तू शब्द पाळलास. बदलले ते मी होते, आणि बदलल्याचं सांगायला मला तोंड नव्हतं. आता तोंड आहे, म्हणून हे पत्र लिहिलं. पायऱ्यांवर घेतलेला तो शब्द मी तुझ्याकडून परत घेते आहे. त्याच्या जागी नवा देते, आणि हा दोघींसाठी आहे. पुन्हा कधी अशी वेळ आली, तुझ्यावर किंवा माझ्यावर, तर आधी डोळ्यांत बघून विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मग उत्तर काहीही असो. रविवारी सकाळी ये. वॉचमनकडे डबा दिलास तर तसाच परत पाठवीन. वर ये, माझ्या समोर बस आणि रड, मी तुझ्यावर भरपूर ओरडणार आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडता येईल, एवढा दम आहे आता माझ्याकडे.

तुझीच, अजून बाद न झालेली,
सुभद्रा